राहत्या घरातून महिन्याचा खर्च कसा काढायचा: साठी ओलांडलेल्या घरमालकांसाठी

"ऐंशी लाखांच्या घरात राहते आणि औषधवाल्याकडे उधारी." दोन वर्षांपूर्वी माझी मावशी हे हसत हसत म्हणाली होती. वय ७१. काका गेल्यापासून पुण्यात सिंहगड रोडवरच्या टू बीएचकेमध्ये एकटी राहते. मुलगी नाशकात, मुलगा न्यू जर्सीत. फॅमिली पेन्शन १९ हजार, खर्च ३३ हजार. दोघंही पैसे पाठवायला तयार आहेत, पण मावशीला हात पसरायचा नाही. म्हणून आम्ही दोघांनी कागद काढले, दोन-तीन बँकांचे उंबरठे झिजवले, आणि घरात अडकलेला पैसा घर न सोडता किंवा सोडून कसा बाहेर काढता येतो ते एकेक करून तपासलं. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितो. आकडे मावशीच्या घराचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

पायरी १: आधी खड्डा मोजा

बहुतेक लोक सुरुवात "फ्लॅटला काय भाव येईल?" इथून करतात. ते नंतर. आधी गेल्या बारा महिन्यांचं बँकेचं पासबुक घेऊन बसा आणि दर महिन्याला नेमके किती कमी पडतात ते लिहा. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे मेडिक्लेमचा हप्ता, मालमत्ता कर, सोसायटीचं रंगकामाचं कंत्राट, बाराने भागून त्यात धरा. मावशीचा खड्डा १४ हजारांचा निघाला.

दर महिन्याला कमी पडणं वेगळं आणि गुडघ्याच्या ऑपरेशनला एकदम पाच लाख लागणं वेगळं. पहिल्यासाठी हप्त्याने येणारा पैसा हवा, दुसऱ्यासाठी एकरकमी. ही गल्लत केली की माणूस पाच लाखांच्या गरजेपोटी अख्खं घर विकून बसतो.

पायरी २: घर कागदावर कुणाचं आहे ते पाहा

इथे आमचे चार महिने गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फ्लॅट काका-मावशीच्या दोघांच्या नावे घेतलेला. काकांनी सोसायटीत मावशीचं नॉमिनेशन केलेलं होतं, त्यामुळे ते गेल्यावर शेअर सर्टिफिकेटवर एकट्या मावशीचं नाव लागलं. आम्हाला वाटलं, झालं. बँकेच्या वकिलाने पहिल्याच भेटीत मान हलवली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. काकांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, म्हणून त्यांचा अर्धा हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायद्याने मावशी, मुलगा आणि मुलगी या तिघांत सारखा वाटला गेला. थोडक्यात, त्या घराचा एक षष्ठांश मावसभाऊ अमेरिकेत बसून बाळगत होता, तेवढाच मावसबहिणीकडे, आणि हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यावर उपाय म्हणजे दोघांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देणं. नुसतं नोटरी केलेलं चालत नाही.

शिवाय फाइलमध्ये हे असायला हवं: मूळ करारनामा आणि त्याचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाने दिलेला दस्ताचा गोषवारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), मंजूर नकाशा, मालमत्ता कराची ताजी पावती, सोसायटीची एनओसी. पुण्यात आणि ठाण्यात भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारती भरपूर आहेत. तुमची त्यातली असेल तर बँकेचे बरेचसे दरवाजे तिथेच बंद होतात. म्हाडा किंवा सिडकोचं घर भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर त्यांचीही परवानगी लागते. गावच्या वाड्यातला सामाईक हिस्सा तर सोडूनच द्या, तो वाटणी होईपर्यंत तारण म्हणून कुणी घेत नाही.

पायरी ३: मार्ग तपासा, पण परत फिरता येईल त्या क्रमाने

कुठल्या मार्गात जास्त पैसे मिळतात हा दुसरा प्रश्न. माझ्या मते पहिला प्रश्न असा: दोन वर्षांनी पस्तावा झाला तर मागे येता येईल का? सत्तरीत तब्येत, मुलांच्या नोकऱ्या, जोडीदार, सगळंच हलतं. म्हणून मी मार्ग त्याच क्रमाने मांडतो, सोप्या माघारीपासून अशक्य माघारीपर्यंत.

एक खोली भाड्याने

सगळ्यात आधी हेच करून पाहा. एक बेडरूम रिकामी असेल तर शिकणारी मुलगी किंवा नोकरदार बाई पेइंग गेस्ट म्हणून ठेवता येते. पसंत पडली नाही तर अकरा महिन्यांनी संपलं. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवणं महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचं आहे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, आणि पोलिसांत भाडेकरूची माहिती द्यायची ती विसरू नका.

पूर्ण फ्लॅट भाड्याने देऊन स्वतः गावच्या घरी किंवा मुलीजवळ लहान घरात राहायला जाणं हाही मार्ग आहे. तेव्हा सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. जास्त मागत असतील तर २००१ च्या शासन निर्णयाची आठवण करून द्या. भाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर आणि वर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे कराची फार धास्ती नको.

यातली खरी अडचण एवढीच की ८० लाखांच्या घराचं भाडं महिन्याला २० हजारांच्या आसपासच फिरतं. भाव आणि भाडं यांचं आपल्याकडे कधी जमलंच नाही.

रिव्हर्स मॉर्गेज

नाव ऐकलेले खूप, घेतलेले फार थोडे. २००७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात याची घोषणा झाली आणि राष्ट्रीय आवास बँकेने त्याच वर्षी नियम काढले. होम लोनच्या उलटा हा प्रकार आहे. होम लोनमध्ये आपण बँकेला हप्ता देतो आणि कर्ज कमी होत जातं. इथे बँक आपल्याला हप्ता देते आणि कर्ज वाढत जातं. फेडायचं मात्र आपल्या हयातीत नाही.

नियम थोडक्यात असे. अर्जदार ६० पूर्ण. नवरा-बायको मिळून घेत असतील तर एक ६० चा आणि दुसरा ५५ च्या खाली नको. घर स्वकष्टाचं, स्वतः राहत असलेलं, बोजा नसलेलं, आणि इमारतीचं उरलेलं आयुष्य किमान २० वर्षं. ही शेवटची अट ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांना नडते. मासिक हप्त्याला ५० हजारांची कमाल मर्यादा. औषधोपचारासाठी एकरकमी हवी असेल तर पात्र रकमेच्या निम्मी, पण १५ लाखांच्या वर नाही. मिळणारा पैसा कर्ज आहे, उत्पन्न नाही, त्यामुळे त्यावर आयकर नाही.

आता हप्ता कसा निघतो ते पाहा, कारण सगळ्यांचा भ्रमनिरास इथेच होतो. समजा बँकेने ८० लाखांच्या घरावर मुदतअखेर व्याजासकट ६४ लाख ही मर्यादा धरली आणि व्याज १० टक्के आहे. १५ वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण १५,४०० रुपये मिळतात. पंधरा वर्षांत हातात आले २७ लाख ८० हजार, उरलेले ३६ लाखांहून जास्त हे व्याज. मुदत १० वर्षांची घेतली तर हप्ता ३१,२०० च्या घरात जातो, २० वर्षांची घेतली तर ८,४०० वर येतो. ऐकून मावशी म्हणाली, "म्हणजे घर त्यांचं आणि मला चहा-पाण्याचे पैसे!"

तसं नाही. एक, घर तिच्याच नावावर राहतं. दोन, मुदत संपली की हप्ता थांबतो, पण घर सोडावं लागत नाही. दोघांपैकी शेवटचा माणूस जाईपर्यंत तिथेच राहायचं. तीन, तोवर कर्ज वाढून घराच्या किमतीच्या वर गेलं तरी बँकेला घराच्या विक्रीतून येईल तेवढंच मिळतं, मुलांच्या खिशाला ती हात घालू शकत नाही. चार, वारसांना घर हवं असेल तर कर्ज फेडून ते सोडवून घेता येतं. नको असेल तर बँक विकते आणि उरलेली रक्कम त्यांनाच देते. मधेच पैसे आले तर दंड न भरता कर्ज मिटवताही येतं. सही केल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत मन बदलण्याचीही सोय नियमांत आहे. म्हणून मी याला माघारीच्या यादीत इतकं वर ठेवलं.

खाचखळगे तीन आहेत. पहिला, सलग वर्षभर घरात राहिला नाहीत तर कर्ज परत मागितलं जाऊ शकतं. मुलाकडे परदेशात लांब मुक्काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायचं. दुसरा, मालमत्ता कर, विमा आणि डागडुजी आपल्याकडेच राहते, ती टाळली तर तो करारभंग. तिसरा आणि सगळ्यात मोठा: माणूस मुदतीपेक्षा जास्त जगला तर. ७१ व्या वर्षी १० वर्षांची मुदत घेतली तर ८१ व्या वर्षी हप्ता बंद, आणि औषधांचा खर्च तेव्हाच वाढलेला असतो. म्हणून मोठ्या हप्त्याला भुलू नका. जमेल तितकं उशिरा सुरू करा आणि मुदत लांब घ्या. जोडीदार असेल तर दोघांचीही नावं कर्जदार म्हणून घाला. एकट्या नवऱ्याच्या नावे कर्ज असलं तर त्याच्या मागे बायकोवर घर रिकामं करायची वेळ येऊ शकते.

जरा विषयांतर. मावसभावाने न्यू जर्सीहून व्हिडिओ पाठवले होते, त्यात "आयुष्यभर हप्ता" असं होतं. ते तिकडचं खरं. अमेरिकेतली सरकारी विम्याची योजना ६२ वर्षांपासून मिळते आणि तिच्यात घरात राहत असेपर्यंत हप्ता घ्यायचा पर्याय आहे. आपल्याकडच्या साध्या रिव्हर्स मॉर्गेजमध्ये तो नाही. परदेशातली मुलं तिकडचं वाचून इकडे सल्ला देतात, तेव्हा हा घोळ हमखास होतो.

स्टेट बँकेची अशी योजना आहे, पंजाब नॅशनल बँकेची "बागबान" नावाने आहे. आणखीही काही सरकारी बँका देतात. पण एका शाखेत आम्हाला काउंटरवरच्या मुलीने "असं काही नसतं काका" म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हा शाखेत वाद घालत बसू नका, गृहकर्ज विभागाचं मोठं कार्यालय गाठा.

घर तारण ठेवून साधं कर्ज

याला लोक लॅप (लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी) म्हणतात. एजंट फोन करून करून जे गळ्यात मारतात ते हेच. "आजोबा, घरावर कर्ज देतो" एवढंच ऐकून हे रिव्हर्स मॉर्गेज असल्याचा समज होतो. तसं अजिबात नाही. इथे हप्ता तुम्ही भरायचा आणि दुसऱ्याच महिन्यापासून. १० लाख, १० टक्के, १० वर्षं, म्हणजे महिन्याला १३,२०० रुपये. ज्याला आधीच १४ हजार कमी पडतात त्याने हे का घ्यावं?

घ्यावं अशी एकच वेळ मला दिसते: एकरकमी पैसा तातडीने हवा आहे आणि फेडायची सोय दिसते आहे, उदाहरणार्थ वर्षभरात मुदत ठेव मोकळी होणार आहे. वय जास्त असेल तर बँक कमावत्या मुलाला सहकर्जदार करायला सांगतेच.

आणि एक स्पष्ट सांगतो, कुणाला राग आला तरी चालेल. मुलाच्या धंद्यासाठी आईवडिलांचं राहतं घर तारण ठेवू नका. हप्ते थकले की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते आणि नंतर कोर्टाची पायरी न चढता ताबा घेऊ शकते. ज्येष्ठ नागरिक आहोत म्हणून त्यातून सुटका नाही.

विकून लहान घर घेणं

पैशाच्या हिशोबात हा मार्ग सगळ्यात पुढे आहे, हे मान्य करायलाच हवं. मावशीचं गणित केलं. ८० लाखांना विकायचं, तळेगावकडे ४५ लाखांचा वन बीएचके घ्यायचा. बाईच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती धरून आणि ३० हजार नोंदणी फी मिळून अडीच लाखांच्या आसपास. दोन्हीकडची दलाली सव्वा लाख.

आता भांडवली नफ्यावरचा कर. घर १९९९ साली घेतलेलं, म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते, ती आम्ही ८ लाख धरली. नफा ७२ लाख. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के झाला आणि महागाईची वजावट, म्हणजे खरेदीकिंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं, गेली. त्याआधी घेतलेल्या घरांना जुना २० टक्के महागाई-वजावटीसह हा पर्याय आहे, आणि नव्या घराची वजावट धरली तर आमच्या आकड्यांत तोच स्वस्त पडतो; खालचं गणित मात्र नव्या दराने केलं आहे. दोन्ही करून पाहा, कमी असेल तो भरा. नव्या घरात गेलेली रक्कम नफ्यातून वजा होते. त्यासाठी नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष ते नंतर दोन वर्षं या काळात घ्यायला हवं. उरलेल्या साडेचोवीस लाखांवर सव्वातीन लाखांच्या आत कर बसतो. तोही नको असेल तर सहा महिन्यांत सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफा रोख्यांत ५० लाखांपर्यंत टाकता येतात, पण ते पैसे पाच वर्षं अडकतात आणि व्याज कमी.

सगळं वजा जाता हातात २८ लाख. ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर, २०२५ मधल्या ८.२ टक्के दराने, महिन्याला सरासरी १९ हजार, दर तिमाहीला जमा. मुद्दल तसंच शिल्लक. रिव्हर्स मॉर्गेजच्या १५,४०० शी ताडून पाहा.

मग मावशीने हे का केलं नाही? कारण तळेगावात तिला ओळखणारं कुणी नाही. सिंहगड रोडवर दूधवाला दार उघडलं नाही तर शेजारणीची बेल वाजवतो. कोपऱ्यावरचे डॉक्टर फोनवर औषध सांगतात. हे कुठल्या तक्त्यात मांडायचं ते मला जमलं नाही. पण तुमचं मन तयार असेल, जोडीदार सोबत असेल आणि साठीतच हलणार असाल, तर विकून लहान घर घेणं उत्तम. पंचाहत्तरीनंतर नवा परिसर अंगवळणी पडत नाही.

"आत्ता पैसे घ्या, आयुष्यभर राहा, नंतर घर माझं" असं सांगणारे ओळखीतले गृहस्थही भेटतात. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून हे करू नका. करायचंच तर तहहयात राहण्याचा हक्क नोंदणीकृत दस्तात शब्दशः लिहिलेला हवा, आणि दस्त तुमच्या वकिलाने केलेला हवा.

मुलांच्या नावे बक्षीसपत्र

यात पैसा मिळत नाही, मिळतो तो शब्द: "आई, तुला आम्ही सांभाळू." तरीही लोक याला सोय समजतात म्हणून इथे घेतलं. नोंदणी झाली की घर गेलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ मदतीला येतं: सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ न केल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ताबाही परत देता येतो असं सांगितलं. पण त्याच न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट मुळात घातलेली होती हे दिसलं पाहिजे, असंही म्हटलेलं आहे. तेव्हा बक्षीसपत्र करणारच असाल तर सांभाळाची अट त्यात लिहा. महाराष्ट्रात अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, आणि आधी नुसतं विचारायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. मुलांना घर द्यायचंच आहे ना? मृत्युपत्र करा. ते बदलता येतं.

पुनर्विकासाच्या वाटेवर असाल तर

इमारत तीस-चाळीस वर्षांची असेल आणि सोसायटीत बिल्डरच्या चकरा सुरू असतील, तर वरचं सगळं तूर्तास थांबवा. रिव्हर्स मॉर्गेज तशीही मिळणार नाही, आणि विकलं तर नव्या मोठ्या फ्लॅटचा वाढीव भाव दुसरा खाईल. मधल्या काळाचं भाडं आणि कॉर्पस (बिल्डरने द्यायची एकरकमी रक्कम) किती, कधी, कुठल्या तारखेला, हे करारात आहे का ते मात्र पाहा. बांधकाम रखडलं तर भाड्याच्या घरात पंचाहत्तरी ओलांडलेली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ४: सही करण्याआधी

मुलांना समोर बसवून सांगा. त्यांची परवानगी हवी म्हणून नाही, तर नंतर बँकेचं पत्र हातात पडल्यावर "आईला कुणीतरी फसवलं" असं वाटू नये म्हणून. मूल्यांकन बँकेचं वेगळं येईल, एजंट सांगतो त्याहून कमी, त्यामुळे गणित कमी आकड्यावर करा. व्याजदर स्थिर की बदलता, आणि मूल्यांकन पुन्हा कधी, हे लेखी घ्या. नियमांप्रमाणे ते किमान पाच वर्षांतून एकदा व्हायला हवं, आणि घराचा भाव वाढला तर हप्ता वाढवून मागता येतो.

मावशीचं काय झालं? मावसभाऊ दिवाळीला आला, मावसबहीण नाशकाहून आली, तिघं मिळून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेली आणि हक्कसोडपत्र झालं. मागच्या बेडरूममध्ये आता नांदेडची एक मुलगी राहते, फार्मसी शिकते, नऊ हजार देते. उरलेले पाच हजार मावशी मुदत ठेवीच्या व्याजातून काढते. रिव्हर्स मॉर्गेजची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात साड्यांखाली तयार आहे. पंचाहत्तरी झाली की बघू, म्हणते. औषधवाल्याची उधारी मात्र त्या मुलीनेच पहिल्या महिन्यात जाऊन चुकती केली, मावशीच्या पैशांनी, आणि बिलात दोन गोळ्या दोनदा लावल्या होत्या त्याही काढून आली.